आपल्याला सर्वांत आवडलेले पुस्तक दुसऱ्याला सुचवावे का?

देवघेव :

गेली बारा वर्षे मी आमच्या तालुक्याच्या गावातील 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात देवघेवीच्या टेबलावर बसतो. नोकरी दुसरीकडे आहे. हे काम हौसेचे आहे. या टेबलावर रोज एकदा तरी ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "काहीतरी चांगलं सुचवा ना." पहिली काही वर्षे या वाक्यावर माझी कळी खुलत असे आणि उत्तरही ठरलेले असे. मी उठून कपाटातून 'कोसला' काढून देत असे.

त्यामागे कारण होते. 1989 साली मी स्वतः गावाहून पुण्याला शिकायला गेलो, वसतिगृहात राहिलो, मेसचे पैसे थकवले, आणि त्याच वर्षी कोणीतरी हातात ठेवलेल्या या कादंबरीत मला माझाच वर्ग, माझीच खोली आणि माझाच बापाशी न बोलण्याचा हट्ट सापडला. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी 1963 साली प्रसिद्ध झाली, म्हणजे माझ्या वसतिगृहाच्या सव्वीस वर्षे आधी, आणि तरीही खानदेशातून पुण्यात आलेला तो पांडुरंग सांगवीकर शेजारच्या खोलीत राहतो आहे असे मला वाटले होते. इतके आवडलेले पुस्तक दुसऱ्याला न देणे म्हणजे कंजूषपणा, अशी माझी समजूत होती.

मात्र पुस्तक परत येते तेव्हा ते बरेच काही सांगते. गेल्या वर्षी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा नव्याने सभासद झाला. शाळेनंतर मराठी पुस्तक हातात धरले नव्हते, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. मी सवयीने 'कोसला' दिले. पंधरा दिवसांनी त्याने ते परत केले, "छान आहे" म्हणाला आणि माझ्याकडे न पाहता वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे गेला. पुस्तक जागेवर ठेवण्यापूर्वी मी ते चाळले, तर एकतिसाव्या पानावर एसटीचे तिकीट होते. यंत्रातून निघणारे ते पातळ तिकीट, ज्याच्यावरची अक्षरे महिन्याभरात उडून जातात. ती अजून पुसट दिसत होती. त्यापुढची पाने कोरी करकरीत होती, म्हणजे जुन्या पुस्तकाची पाने जितकी कोरी असू शकतात तितकी. पुढच्या खेपेस मी त्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. धनगरांच्या वस्तीवर मास्तर म्हणून आलेल्या पोराची ही लहानशी कादंबरी चार दिवसांत परत आली, आणि पान दुमडल्याची एकही खूण तिच्यात नव्हती.

तेव्हापासून माझे मत बदलले आहे आणि ते मी येथे वादासाठी मांडतो. आपल्याला जे सर्वांत आवडते ते नवख्या माणसाला कधीही सुचवू नये. आवडते पुस्तक आपल्या आयुष्याच्या एका विशिष्ट वर्षाला चिकटलेले असते आणि ते वर्ष काही पुस्तकाबरोबर कपाटातून निघत नाही. समोरच्याने शेवटचे पूर्ण वाचलेले पुस्तक, शेवटपर्यंत पाहिलेला चित्रपट किंवा पुन्हा पुन्हा ऐकलेले गाणे कोणते, हे आधी विचारावे आणि त्याच्या शेजारचे काहीतरी द्यावे. बाकी सारी आपल्या आवडीची मिरवणूक आहे, आणि त्या मिरवणुकीत समोरच्याला नाचायला लावू नये. चित्रपट आणि संगीत यांच्या बाबतीतही हेच खरे असावे असा माझा अंदाज आहे, परंतु त्यातले जाणकार येथे आहेत, त्यांनी सांगावे.

निळी शाई :

आपल्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे आणि आपण दिलेला पुरावाच मला मान्य नाही.

एकतिसाव्या पानावर थांबणे हा वाचनाचा पराभव आहे, हे आपण गृहीत धरले आहे. मला 'कोसला' एकोणिसाव्या वर्षी मावशीने दिले. त्यातले 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांचे रान पाहून मी वैतागले आणि साठ-सत्तर पानांनंतर ते मिटले. पुढे अकरा वर्षांनी, माझ्या भावाच्या निधनानंतर, मला अचानक आठवले की त्या कादंबरीत धाकटी बहीण गेल्यावरची काही पाने आहेत, असे मावशी म्हणाली होती. मी पुस्तक शोधून काढले आणि तेवढीच पाने वाचली. नंतर पहिल्यापासून वाचले. मावशीने त्या वेळी माझे वय, माझी इयत्ता आणि माझे शेवटचे वाचलेले पुस्तक पाहून एखादी गोडगोड कादंबरी दिली असती, तर त्या रात्री मला कोणते पुस्तक आठवले असते? अर्धवट वाचलेले पुस्तक हेही माणसाजवळ राहते. ते नोंदवहीत दिसत नाही, इतकेच.

दुसरे असे की, 'शेवटचे काय आवडले, त्याच्या शेजारचे द्या' हे काम आता यंत्रे करतात आणि आपल्यापेक्षा चांगले करतात. एक गाणे ऐकले की त्याच चालीची वीस गाणी रांगेत उभी राहतात. माणसाने माणसाला काही सुचवायचे ते यासाठी की, यंत्राला जे शेजारी ठेवण्याचे सुचणार नाही ते त्याने हातात ठेवावे.

आणि 'सुचवण्याजोगी' पुस्तके म्हणजे कोणती, हेही आपल्याला ठाऊक आहे. मराठीतील दहा पुस्तके सांगा असे कोणीही विचारले की 'मृत्युंजय', 'ययाति', 'बटाट्याची चाळ', 'श्यामची आई' अशी पत्रिका वाचल्यासारखी नावे येतात. ही पुस्तके वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण ती सुचवण्यासाठी ती आवडलेली असण्याचीही गरज उरलेली नाही. माझे सर्वांत आवडते पुस्तक विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' आहे. 1939 साली, युरोप पेटत असताना आलेली ही कादंबरी. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी भेटतात. बोटीचा प्रवास जितका, तितकेच त्यांचे आयुष्य. दोन बैठकांत वाचून होते. आपल्या टेबलावर गेल्या बारा वर्षांत ते कोणी मागितले का? मागणार नाही, कारण जे ठाऊकच नाही ते मागता येत नाही. ज्याला ते आवडते त्याने ते पुढे केलेच पाहिजे, आणि पुढे करताना 'मला हे फार आवडते' असे म्हटलेच पाहिजे. समोरचा त्या वाक्यासाठीच पुस्तक उघडतो.

तिसरी घंटा :

मी चित्रपटांपुरते बोलतो आणि धागाकर्ते देवघेव यांच्या बाजूने बोलतो, जरी त्यांनी दिलेले कारण माझे नाही.

काही वर्षांपूर्वी कार्यालयातील एका सहकाऱ्याने मला शनिवारी पाहण्यासाठी चित्रपट विचारला. मी क्षणाचाही विलंब न लावता 'श्वास' म्हणालो. 2004 सालचा संदीप सावंत यांचा हा चित्रपट मी पाच वेळा पाहिला असेल. कोकणातला एक आजोबा डोळ्याच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नातवाला पुण्याच्या रुग्णालयात घेऊन येतो, शस्त्रक्रियेनंतर मुलाची दृष्टी जाणार असते, आणि त्याआधी आजोबा त्याला काही काळासाठी रुग्णालयाबाहेर जग दाखवायला नेतो, एवढीच गोष्ट. सोमवारी तो सहकारी माझ्याशी बोलला नाही. दोन दिवसांनी कळले की, त्याच्या लहान मुलीच्या डोळ्यांच्या तपासण्या चालू होत्या आणि घरात ते कोणालाच सांगितले नव्हते. सुदैवाने पुढे काही गंभीर निघाले नाही. चूक चित्रपटाची नव्हती आणि त्याने मला काही सांगितले नसल्यामुळे माझीही नव्हती, असे म्हणता येईल, परंतु "कशाबद्दल आहे ते सांगू का?" एवढे विचारायला मला कोणी अडवले नव्हते. मी विचारले नाही, कारण मला माझ्या आवडीविषयी बोलायचे होते आणि त्याने ती न बोलता मान्य करावी अशी माझी इच्छा होती.

मी जे केले नाही, नेमके तेच निळी शाई यांच्या मावशींनी केले होते, याकडे मी लक्ष वेधतो. त्यांनी पुस्तक दिले आणि त्यात काय आहे तेही सांगून ठेवले. अकरा वर्षांनी उपयोगी पडले ते मावशींचे ते एक वाक्य.

काय सांगावे, याचेही शास्त्र नसले तरी अनुभव आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' मी एकाला 'न्यायालयातील खटल्यावरचा चित्रपट' म्हणून सुचवला. तो उलटतपासणीची जुगलबंदी पाहायच्या तयारीने बसला आणि तासाभरात उठला. दुसरीला म्हणालो, "फार संथ आहे, पण सोडू नकोस." हे सर्वांत वाईट. ती पहिल्या मिनिटापासून संथपणाच मोजत बसली. तिसऱ्या वेळी मी एवढेच सांगितले की, या चित्रपटात कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी उभा राहतो आणि चौकटीत पुष्कळ माणसे असतात, तेव्हा जो बोलतो आहे त्याच्याकडे न पाहता बाकीच्यांकडे पाहा. तो मित्र आजही मला दिवे बंद होण्याच्या त्या दृश्याविषयी बोलून दाखवतो: न्यायालयाची सुट्टी लागते, कर्मचारी एकेक दिवा मालवतो, पडदा काळा होतो, आता संपले असे वाटते आणि चित्रपट न्यायाधीशांच्या मागोमाग त्यांच्या सहलीला निघतो. मी ते दृश्य त्याला सांगितले नव्हते. बाकीच्यांकडे पाहायला सांगितले होते, म्हणून तो त्या न्यायाधीशांकडेही आधीपासून पाहत होता.

मंद्रसप्तक :

संगीताविषयी धागाकर्त्यांनी अंदाज म्हणून जे लिहिले आहे, ते संगीताला सर्वांत कमी लागू पडते.

पुस्तकाची पाने उलटता येतात, चित्रपट पुढे ढकलता येतो. विलंबित ख्याल (संथ लयीतले रागगायन) पुढे ढकलला की हातात काहीच उरत नाही. म्हणून आपल्याकडे एक शिडी रूढ झाली आहे: आधी भावगीत, मग अभंग, मग नाट्यगीत आणि शेवटी ख्याल. शिफारस करणारे बहुतेक लोक ही शिडी डोळे मिटून पुढे करतात, आणि धागाकर्त्यांचे 'शेजारचे काहीतरी द्या' हे तिचेच दुसरे रूप आहे. मी तीस वर्षे या शिडीवर माणसे चढताना पाहिली आहेत. बहुतेक जण ज्या पायरीवर बसतात तिथेच घर करतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण नाट्यगीत ही पायरी नव्हेच. ते स्वतः एक मुक्कामाचे ठिकाण आहे. भास्करबुवा बखले यांनी 1916 साली 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना ज्या चाली दिल्या, त्या काही कोणाला पुढे ख्यालापर्यंत पोहोचवण्यासाठी दिलेल्या नव्हत्या.

मात्र एक प्रयोग सांगतो. माझ्या वहिनीला नाट्यपदे आवडत, ख्याल म्हटले की ती स्वयंपाकघरात जाई. तिला 'स्वयंवर'मधले 'सुजन कसा मन चोरी' तोंडपाठ होते आणि ते भूप रागात आहे, हे मात्र ठाऊक नव्हते. एका रविवारी मी किशोरी आमोणकरांचा भूप लावला, 'प्रथम सुर साधे' आणि नंतर 'सहेला रे', आणि तिला ताल, लय, घराणे यांतले काहीही न सांगता एवढेच म्हणालो की, किशोरीताई गंधारावर, म्हणजे 'ग' या स्वरावर, येऊन थांबतात ती जागा लक्षात ठेवा, तुमच्या पदातही ती आहे. ती मेथी निवडत होती. साताठ मिनिटांनी तिने मान वर न करता हात नुसता उचलला. जागा बरोबर होती. आणखी थोड्या वेळाने पुन्हा उचलला. त्या दिवशी तिने ते सबंध ऐकले आणि मेथीची अर्धी जुडी तशीच राहिली. आता हे शेजारचे दिले की आवडीचे दिले? तो भूप हे माझे जगातील सर्वांत आवडते ध्वनिमुद्रण आहे. ते तिला दिले ते आवडीपोटीच. फक्त आत शिरण्यासाठी कोणते दार उघडे आहे, ते तिच्या घरातले निघाले.

जाता जाता एक तक्रार. मध्यंतरी एका नातेवाइकाने मला 'गीतरामायण' ऐकायचे आहे असे कळवले, तेव्हा घरातील तरुण मंडळींनी त्यांना छप्पन्नच्या छप्पन्न गाणी एका दमात पाठवून दिली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही मालिका 1955 सालच्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत अशी वर्षभर चालली होती. माझी आई सांगे की, त्या वेळी पुढचे गीत येईपर्यंत आधीचे गीत आठवडाभर घरात गुणगुणले जाई आणि शब्द चुकला तर शेजारून दुरुस्ती येई. छप्पन्न गाणी पाठवलेल्या त्या गृहस्थांनी सात ऐकली. मी त्यांना दर गुरुवारी एक पाठवतो. सध्या आम्ही एकोणिसाव्यावर आहोत. शिफारशीत काय द्यावे यावर येथे पुष्कळ लिहिले गेले, किती द्यावे यावर कोणी लिहिले नाही.

मुक्काम इंदूर :

वरील चर्चा महाराष्ट्रात राहणाऱ्यांची आहे, हे नम्रपणे नोंदवते. येथे इंदुरात आमच्यासारख्या घरांत तीन-चार पिढ्यांपासून मराठी बोलली जाते, पण शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असते. देवनागरी लिपी येत असल्यामुळे आमची मुले मराठी वाचू शकतात, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ती अक्षरे वाचतात आणि वाक्य निसटते. अशा मुलाला पुस्तक 'सुचवणे' म्हणजे त्याच्यावर गृहपाठ लादण्यासारखे आहे. सहज आणि अवघड हा वाद त्याच्या कामाचा नाही, दोन्ही सारखेच अवघड.

आमच्या घरात जे घडले ते वाचून दाखवण्यामुळे घडले. माझ्या सासूबाई रात्री भांडी झाल्यावर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मोठ्याने वाचत. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण जवळपास नव्हते, त्यामुळे ते पुस्तक ओट्यावर बसून सांगितल्यासारखे आहे. कानाने ऐकताना ते डोळ्याने वाचण्यापेक्षा सोपे जाते. सोवळ्याचा अतिरेक करणारे वडील, न सांगता घर सोडून जाणारे आणि पुढे ख्रिस्ती झालेले पती, आणि हे सारे सांगताना मध्येच स्वतःवर हसणारी ती बाई. माझा मुलगा तेव्हा नववीत होता आणि तो ऐकत नसल्याचे दाखवत असे. एकदा सासूबाईंनी दोन दिवस सुट्टी घेतली, तेव्हा त्यानेच पुस्तक काढून पुढचे पान अडखळत वाचले. त्याला ते कोणी सुचवले नव्हते, आणि सासूबाईंचे ते सर्वांत आवडते होते. म्हणून मी निळी शाई यांच्या बाजूने, पण एका अटीवर: आवडते पुस्तक देऊ नये, ते आपण वाचावे आणि दुसऱ्याला ऐकू जाईल इतका आवाज ठेवावा.

कुमार गंधर्व क्षयाच्या आजारामुळे देवासला येऊन राहिले, ते येथून तासाभराच्या अंतरावर. त्यांची निर्गुणी भजने आमच्याकडे कोणी कोणाला 'ऐकून बघ' म्हणून सांगितल्याचे मला आठवत नाही. ती कोणाच्या तरी खिडकीतून येत आणि आपण जिना चढताना दोन पायऱ्या कमी वेगाने चढत असू.

देवघेव :

सर्वांचे आभार. मंद्रसप्तक यांनी 'किती द्यावे' हा मुद्दा काढला, तो मी वाचनालयात लगेच अमलात आणणार आहे. एका वेळी दोन पुस्तके देण्याची आमची पद्धत नवख्यांसाठी घातकच आहे. तिसरी घंटा यांच्याशी वाद नाही. 'रणांगण' आमच्याकडे आहे आणि तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा आहे, हे मी आजच पाहिले. त्याबद्दल निळी शाई यांच्यापुढे मान खाली घालतो.

तथापि त्यांच्या मुख्य मुद्द्यावर मी हललेलो नाही. त्यांच्याकडे मावशी होत्या, घरात पुस्तके होती, आणि अकरा वर्षांनी पुस्तक शोधून काढण्याइतकी वाचनाची सवय होती. टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या मुलाकडे यांतले काहीच नसते. त्याचे पहिले पुस्तक फसले तर तो अकरा वर्षांनी परत येत नाही. तो पुढच्या महिन्याची वर्गणी भरत नाही, अनामत परत मागतो आणि विषय संपतो. अर्धवट वाचलेले पुस्तक मनात राहते, हे ज्यांनी पुष्कळ पुस्तके पूर्ण वाचली आहेत त्यांच्याबद्दल खरे असावे.

निळी शाई :

शेवटचे वाक्य मला बोचले, म्हणजे त्यात तथ्य असावे. घरात पुस्तके होती हे खरे आहे.

परंतु आपण ज्या मुलाच्या वतीने बोलता आहात, त्याला 'झेपणारे' पुस्तक कोणते हे ठरवताना आपण त्याच्याविषयी जे गृहीत धरता, ते मला त्याहून अधिक बोचते. तालुक्याच्या गावातला अभियांत्रिकीचा मुलगा, शहरातल्या वसतिगृहात राहणारा, बापाच्या पैशांचा हिशेब मनात ठेवणारा. 'कोसला' नेमके कोणासाठी लिहिले आहे असे आपल्याला वाटते? पुण्यातल्या प्राध्यापकांसाठी? 1989 साली आपल्या हातात ज्याने ते ठेवले, त्याने आपल्याला आधी शेवटचे वाचलेले पुस्तक विचारले होते का?

एक वाचक :

एवढी चर्चा झाली, त्या मुलाला कोणी विचारले का?

देवघेव :

एक वाचक यांचा प्रश्न वाचून मी दोन दिवस गप्प होतो, कारण विचारले नव्हते. 1989 सालच्या त्या मित्रानेही मला काही विचारले नव्हते, हेही निळी शाई यांना सांगून टाकतो. त्याने पुस्तक माझ्या पलंगावर फेकले आणि आंघोळीला गेला.

मुलगा काल संध्याकाळी आला. मी शक्य तितक्या सहजपणे विचारले की, 'कोसला' मध्येच का सोडलेस. तो गोंधळला. म्हणाला, "सोडलं नाही हो, सत्राची परीक्षा लागली. आणि तुमचा दिवसाला एक रुपया दंड." एकतिसाव्या पानावर तो थांबला कारण तिथे गाडी स्थानकात शिरली. ती पाने त्याने गाडीत उभ्याने वाचली होती आणि त्यातला काही भाग त्याने खोलीतल्या मुलांना वाचूनही दाखवला होता. पुन्हा मागायचे त्याच्या मनात होते. पण मी पुढच्या खेपेस न विचारताच दुसरे पुस्तक काढून दिले, तेव्हा "सरांना काहीतरी वाटलं असेल" म्हणून तो गप्प बसला.

आणि 'बनगरवाडी' त्याने वाचलेलीच नाही. त्याच्या आईने वाचली. त्यांचे माहेर सांगोल्याकडचे, म्हणजे 'बनगरवाडी'च्याच माणदेशातले आहे. दोन दुपारींत वाचून झाली, तिसऱ्या दिवशी त्यांनी काही पाने पुन्हा वाचली आणि चौथ्या दिवशी मुलाबरोबर परत पाठवली. त्या आमच्या सभासद नाहीत. मी त्यांच्यासाठी अर्ज दिला आहे आणि त्यांना काय सुचवावे, याचा विचार कालपासून करतो आहे. 'स्मृतिचित्रे'पर्यंत आलो आहे.

'कोसला' सध्या बाहेर आहे, येत्या 14 तारखेला परत येणे अपेक्षित आहे. मुलाचे नाव राखीव पुस्तकांच्या वहीत लिहिले आहे.